रोजच्या साठ किलोमीटरसाठी इलेक्ट्रिक गाडी: बॅटरी किती मोठी घ्यावी आणि चार्जिंगची सोय कशी करावी?

गोदाकाठ (नाशिक), नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबणार आहे, पण आपली परिस्थिती नीट सांगितल्याशिवाय सल्ला मागणे योग्य नव्हे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी नाशिकला इंदिरानगर भागात राहतो आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. जाऊन-येऊन रोज साधारण ६० किलोमीटर होतात आणि महिन्यातून २५ दिवस हे जाणे-येणे असते. सासुरवाडी ठाण्याची असल्यामुळे महिन्यातून एक-दोनदा तिकडे फेरी होते. वर्षातून एकदा सगळे कुटुंब जोतिबाला जाते. माझे वडील ७४ वर्षांचे आणि आई ६९ वर्षांची आहे, आणि लांबच्या प्रवासात ते दोघेही बरोबर असतात. सध्याची पेट्रोल गाडी अकरा वर्षांची झाली असून लिटरला पंधराच्या वर जात नाही, त्यामुळे महिन्याला तेरा हजारांच्या आसपास रक्कम नुसती पंपावर जाते.

गुढीपाडव्यापर्यंत पंधरा लाखांच्या आत इलेक्ट्रिक गाडी घ्यावी असे घरात ठरले आहे. टियागो ईव्ही, पंच ईव्ही, नेक्सॉन ईव्ही आणि विंडसर या चार गाड्या आतापर्यंत शोरूममध्ये जाऊन पाहिल्या. विक्रेता प्रत्येक ठिकाणी सर्वांत मोठ्या बॅटरीचाच आग्रह धरतो. मेहुणे म्हणतात की अजून दोन वर्षे थांबावे.

खरी अडचण सोसायटीची आहे. आमची इमारत बावीस वर्षांची, २४ सदनिकांची आहे. पार्किंगमधली माझी जागा कुंपणाच्या भिंतीलगत अगदी शेवटची आहे, आणि मीटरची खोली दुसऱ्या टोकाला, साधारण ५५ ते ६० मीटरवर आहे. अध्यक्ष होकार देत नाहीत आणि नकारही देत नाहीत, तर एका सभासदांना बॅटरीला आग लागण्याची मनापासून भीती वाटते. तेव्हा बॅटरी किती मोठी घ्यावी, घरच्या साध्या प्लगवर रोजचे भागेल का, आणि सोसायटीपुढे हा विषय कसा मांडावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

---

चौथा पावसाळा (पुणे)

माझ्याकडे इलेक्ट्रिक गाडी येऊन चार वर्षे झाली आणि ती ७८ हजार किलोमीटर चालली आहे. गाडीच्या नावावरून इथे वाद नको, म्हणून नाव लिहीत नाही; जे लिहितो आहे ते बहुतेक सगळ्या गाड्यांना लागू पडते.

सर्वप्रथम एक सवय लावून घ्या. माहितीपत्रकावरचे किलोमीटर वाचायचे नाहीत, बॅटरीचे युनिट वाचायचे. बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासात लिहितात, आणि एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचे एक युनिट. आता तुम्हीच पाहिलेल्या गाड्यांचे जाहीर आकडे घ्या. पंच ईव्ही २०२४ च्या जानेवारीत आली तेव्हा ३५ युनिटांच्या बॅटरीवर ४२१ किलोमीटर सांगितले गेले, म्हणजे युनिटला १२ किलोमीटर. विंडसरच्या ३८ युनिटांच्या बॅटरीवर ३३२ किलोमीटर सांगतात, म्हणजे युनिटला पावणेनऊ. नेक्सॉनच्या ४५ युनिटांवर ४८९, म्हणजे युनिटला जवळपास अकरा. रस्ता तोच आणि वजनातला फरकही फार नाही, तरी या आकड्यांत इतकी तफावत दिसते, याचा अर्थ त्यांची एकमेकांशी तुलना करण्यात काही हशील नाही. प्रत्यक्षात या आकाराच्या गाड्या गावातल्या आणि राज्यमार्गावरच्या मिश्र वापरात युनिटला सात किलोमीटरच्या आसपास जातात, आणि शंभरच्या वेगाने महामार्गावर साडेपाच ते सहा. एप्रिल-मेमध्ये एसी सतत चालू असतो तेव्हा यातून आणखी दहा टक्के वजा करावेत.

आता तुमचे रोजचे ६० किलोमीटर मोजू. सातने भागले तर साडेआठ युनिट होतात, आणि चार्ज होताना थोडी वीज वाया जाते ती धरून मीटरवर साडेनऊ ते दहा युनिट पडतील. पंधरा अँपिअरच्या साध्या प्लगमधून गाडी तासाला सुमारे तीन युनिट घेते. म्हणजे रात्री अकराला तार लावली की अडीच-तीनच्या सुमारास दिवसभराचा खर्च भरून निघतो आणि गाडी पुढे सकाळपर्यंत नुसती उभी राहते. ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर बसवायला सांगतील, पण तुमच्या वापराला त्याची गरज नाही. मी तो पहिल्या महिन्यात हौसेने बसवला आणि वर्षभरात त्याची निकड पडल्याचे प्रसंग बोटावर मोजण्याइतके होते.

रोजच्या वापराला म्हणून पाहिले तर २४ युनिटांची बॅटरीही पुरेशी आहे. निर्णय तुमच्या ठाण्याच्या फेरीने होईल. नाशिकहून ठाणे दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे. महामार्गावर युनिटला पावणेसहा धरले, तर २४ युनिटांवर १३५ ते १४० किलोमीटर होतात, म्हणजे वाटेत थांबणे आले. ३५ युनिटांवर दोनशे होतात, म्हणजे चाळीस-पन्नास किलोमीटर हाताशी ठेवून तुम्ही सरळ पोहोचता. सासऱ्यांकडे पंधरा अँपिअरचा एक चांगला प्लग असला तर रात्रभरात परतीची सोय होते. जोतिबाच्या वाटेवर कोणतीही गाडी घेतली तरी दोन-तीन थांबे घ्यावेच लागतील. वर्षातल्या त्या एका दिवसासाठी उरलेले ३६४ दिवस मोठ्या बॅटरीचा हप्ता भरू नका. माझे स्पष्ट मत असे की तुम्ही ३५ ते ३८ युनिटांच्या गटात राहावे.

विंडसरमध्ये बॅटरी विकत न घेता भाड्याने घेण्याची योजना आहे. २०२४ च्या सप्टेंबरात ती आली तेव्हा दर किलोमीटरला साडेतीन रुपये होता. तुमचे ठाण्यासह महिन्याला १,९०० किलोमीटर होतात, म्हणजे त्या दराने नुसते बॅटरीचे भाडे ६,६५० रुपये, आणि वीज त्याशिवाय. ज्यांची गाडी महिन्याला पाचशे किलोमीटर चालते त्यांनी त्या योजनेचा विचार करावा. तुमची पेट्रोलमधली निम्मी बचत तीच खाऊन टाकेल.

शोरूममध्ये कोणी सांगत नाही अशा दोन-तीन गोष्टीही लिहितो. बॅटरी तळाशी असल्यामुळे काही गाड्यांत मागच्या सीटपुढची जमीन उंच येते. बसल्यावर गुडघे वर राहतात आणि मांडीला आधार मिळत नाही. दहा मिनिटांच्या चाचणीत हे जाणवत नाही, पण इगतपुरी येईपर्यंत वडिलांचे पाय भरून येतील. आईवडिलांना घेऊन जा आणि त्यांना मागे बसवूनच गाडी चालवून पाहा. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते, नुसते पंक्चर काढायचे साहित्य मिळते, तेही विचारून घ्या.

आणि १२ व्होल्टच्या लहान बॅटरीकडे लक्ष असू द्या, कारण दारे उघडणे आणि गाडी सुरू होणे हे तिच्यावरच असते. आम्ही बारा दिवस गावी गेलो होतो. परतलो तेव्हा मोठी बॅटरी ६४ टक्के भरलेली होती, पण ही लहान बॅटरी उतरल्यामुळे दारसुद्धा उघडेना. सेवा केंद्राने ती बदलून द्यायला पाच दिवस लावले, आणि घरात आजारी माणूस असताना ते पाच दिवस फार जड गेले. आता तिसरे वर्ष संपले की मी ती आपणहून तपासून घेतो. मोठ्या बॅटरीबाबत मात्र तक्रारीला जागा नाही. पूर्ण चार्जवर सुरुवातीला २१० किलोमीटर मिळत, आज १९५ मिळतात. माझी बॅटरी एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारची आहे, ती आठवड्यातून एकदा पूर्ण शंभर टक्के भरावी म्हणजे पडद्यावरचे टक्के खरे राहतात. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारची असेल तर रोज ८० टक्क्यांवर थांबणे बरे. तुमच्या गाडीत कोणती आहे हे लेखी विचारा.

---

तारजोड (नाशिक रोड)

मी विजेच्या कामाचा ठेकेदार आहे आणि गेल्या तीन वर्षांत पंचवीस-तीस सोसायट्यांत गाड्यांसाठी वायरिंग केले आहे, म्हणून फक्त त्याच भागाबद्दल लिहितो.

वर सांगितलेला पंधरा अँपिअरचा प्लग हा स्वयंपाकघरातला पंधरा अँपिअरचा प्लग नव्हे, हे कृपया ध्यानात घ्या. गिझर अर्धा तास चालतो आणि थांबतो. गाडी बारा-तेरा अँपिअर सलग ओढते, आणि कधी बॅटरी अगदी रिकामी असेल तर दहा-बारा तास ओढते. गेल्या वर्षी एका इमारतीत मला बोलावले तेव्हा तिथल्या सॉकेटचे डावे भोक तपकिरी पडून वितळले होते, प्लगची पितळी पिन निळसर-काळी झाली होती आणि भिंतीला कान लावला तर आत बारीक चरचर ऐकू येत होती. आतले स्क्रू सैल होते आणि तार अडीच चौरस मिलिमीटरची होती. गाडीत काहीही दोष नव्हता. तुमच्या ज्या सभासदांना आगीची भीती वाटते, त्यांची भीती उडवून लावू नका, पण ती योग्य जागी वळवा. गाडीची बॅटरी बहुधा आयपी६७ दर्जाच्या बंद पेटीत असते, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत पाणी शिरू नये अशी तिची चाचणी झालेली असते, आणि तिच्या प्रत्येक भागाच्या तापमानावर यंत्रणा नजर ठेवते. तुमच्या भिंतीतल्या बावीस वर्षांच्या तारेवर कोणाचीही नजर नसते.

तुमचे अंतर ६० मीटर आहे. तिथे अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाकली तर तेरा अँपिअरला अकरा-बारा व्होल्ट वाटेतच पडतात आणि तितकी वीज तार तापवण्यात जाते. सहा चौरस मिलिमीटरची टाकली तर हाच आकडा पाचच्या आत येतो. तारेच्या किमतीत काटकसर करू नका. तुमच्या मीटरपासून स्वतंत्र तार, मीटरच्या खोलीत स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच), गाडीच्या जागेजवळ ३० मिलिअँपिअरचे गळती-संरक्षण असलेला आरसीबीओ (भार जास्त झाला किंवा वीज गळू लागली की ती तोडणारा स्विच), आणि औद्योगिक वापराचा १६ अँपिअरचा सॉकेट झाकणाच्या पेटीत, जमिनीपासून चार फुटांवर बसवावा, कारण नाशिकच्या पावसात कुंपणाच्या भिंतीलगत पाणी साचते हे तुम्ही जाणताच.

जुन्या इमारतींत खरा घोळ अर्थिंगचा असतो. न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ (जमिनीला जोडलेली संरक्षक तार) यांच्यातला दाब दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवा. तो जास्त असला की कित्येक गाड्यांचे चार्जर लाल दिवा दाखवून चार्जिंगच नाकारतात आणि मालक गाडीला दोष देत बसतो. गाडी घेण्यापूर्वीच हे मोजून घ्या. मीटर लावून पाहण्याचे काम पाच मिनिटांचे आहे.

बिलाचेही सांगतो. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. घराचा वापर आज १८० युनिट असेल आणि गाडीचे २५० त्यात आले, तर ४३० होतील, म्हणजे १३० युनिट तिसऱ्या, महाग टप्प्यात जातील. महावितरणकडे वाहन चार्जिंगसाठी वेगळी वर्गवारी आहे आणि त्यासाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. तुमच्या शेवटच्या बिलावर टप्प्यांचे दर छापलेले असतात, ते आणि चार्जिंगचा दर शेजारी ठेवून हिशेब करा. महिन्याला दोनशेच्या वर युनिट गाडीत जात असतील तर माझ्या ग्राहकांना स्वतंत्र जोडणीच परवडली आहे.

---

खाडीकिनारा (ठाणे)

माझी गोष्ट थोडी वेगळी आहे आणि प्रश्नकर्त्यांनी ती निर्णयापूर्वी वाचावी असे मला वाटते. आमच्या इमारतीत ठरलेली पार्किंगची जागाच नाही; जो आधी येईल तो लावतो. तरीही मी दीड वर्षापूर्वी इलेक्ट्रिक गाडी घेतली, कारण जवळच्या मॉलमध्ये जलद चार्जर होता आणि माझे रोजचे अंतर फक्त ३० किलोमीटर आहे.

पहिले तीन-चार महिने रविवारी सकाळी लवकर जाऊन, तासाभरात गाडी ऐंशी टक्क्यांपर्यंत भरून घ्यायची आणि तेवढ्यात भाजी आणायची, हा क्रम आवडीने चालला. नंतर त्याच चार्जरवर गर्दी वाढली. एका रविवारी माझ्यापुढे दोन गाड्या होत्या आणि त्यांतल्या एकीचे मालक तार लावून चित्रपटाला गेले होते. मी पावणेदोन तास गाडीत बसून राहिले. खर्चाचेही तसेच आहे. युनिटला २० रुपये दर धरला तर त्यावर १८ टक्के जीएसटी लागून २३ रुपये ६० पैसे पडतात. पेट्रोलपेक्षा ते कमीच असले तरी ज्या बचतीसाठी आपण इतका विचार करतो, ती निम्म्यावर येते.

अखेरीस आमच्या कार्यालयाने तळघरात पंधरा अँपिअरचे चार सॉकेट बसवून दिले आणि माझा प्रश्न संपला. गाडी मला अतिशय आवडते. रहदारीत क्लच-गिअरचा त्रास गेल्यापासून माझी गुडघेदुखी खरोखर कमी झाली आहे. पण माझ्यासारख्या परिस्थितीत कोणी विचारले, तर रात्री किंवा दिवसा गाडी जिथे सलग पाच-सहा तास उभी राहते तिथे स्वतःचा प्लग मिळाल्याशिवाय घेऊ नका, असेच मी सांगते. आपल्या सिन्नरच्या कारखान्यातही विचारून पाहा. व्यवस्थापनाला सॉकेटचा खर्च किरकोळ असतो.

---

सातपुडा (धुळे)

माझे काम फिरतीचे आहे. एका दिवसात धुळे, नंदुरबार, अक्कलकुवा आणि परत, असे सहज तीनशे किलोमीटर होतात आणि दुपारी कुठे थांबायचे हे आदल्या दिवशी ठरलेले नसते. मी सर्व विचार करून सीएनजी गाडी घेतली आणि मला तिचा पश्चात्ताप नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे किमतीतले अंतर वाढले आहे. प्रश्नकर्त्यांचा रस्ता रोज तोच आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी इलेक्ट्रिकला माझा विरोध नाही. मात्र सोसायटीची लेखी परवानगी हाती येईपर्यंत नोंदणीची रक्कम भरू नये. तोंडी होकार अध्यक्ष बदलला की संपतो.

---

चौथा पावसाळा (पुणे)

शेवटच्या वाक्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. किमतीच्या अंतराबाबत एक भर घालतो. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्केच आहे, आणि आपल्या राज्यात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला जो १२ टक्के वाहनकर भरावा लागतो, तो २०२५ च्या धोरणानुसार इलेक्ट्रिकला माफ आहे. म्हणून शोरूमच्या किमती शेजारी ठेवू नका, रस्त्यावर येईपर्यंतच्या किमती ठेवा. विमा घेताना तृतीय पक्षाच्या हप्त्यात इलेक्ट्रिक गाडीला १५ टक्के सवलत असते, ती लावली आहे ना हे पाहा. कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची प्राप्तिकर सवलत मिळेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती.

---

खडू आणि फळा (निवृत्त शिक्षक, नाशिक)

मी चौतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. इलेक्ट्रिक गाडी घाट चढेल का, ही शंका मला शेजारी नेहमी विचारतात, म्हणून हिशेब करून दाखवतो.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर आहे आणि ठाणे जवळजवळ समुद्रसपाटीलाच. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १,७५० किलो समजा. एवढे वजन ५८० मीटर उचलायला लागणारी ऊर्जा वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराइतकी असते. ती येते सुमारे ९९ लाख ज्यूल. एका युनिटात ३६ लाख ज्यूल असतात, तेव्हा सगळा कसारा घाट चढण्याचा खर्च पावणेतीन युनिट झाला. मोटारीतली घट धरून तीन म्हणा. म्हणजे परतीच्या प्रवासात घाटापायी तुमचे सतरा-अठरा किलोमीटर कमी होतील, आणि जाताना उतारावर मोटार जनित्रासारखी फिरून त्यातला बराचसा भाग बॅटरीत परत घालील. हे एकदा कळले की घाटाची धास्ती उरत नाही. ठाण्याहून निघताना बॅटरी भरलेली असावी, इतकेच पथ्य.

धास्ती बाळगायची तर वेगाची बाळगा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी ११० ने गेलात तर तो विरोध जवळजवळ १.९ पट, म्हणजे दुपटीला किंचित कमी इतका होतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाल्यापासून आमच्या नातवंडांना घाटाची वळणे लागत नाहीत, आणि राज्याच्या धोरणानुसार इलेक्ट्रिक मोटारींना तिथे पथकरही माफ आहे. पण मोकळा रस्ता पाहून पाय दाबला जातो. माझा मुलगा एकदा ११० ने आणि एकदा ८५ ने आमण्यापर्यंत गेला. दुसऱ्या वेळी बॅटरीत ११ टक्के जास्त शिल्लक होते आणि वेळेत फरक पडला तो वीस मिनिटांच्या आतला.

---

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवसांत काय झाले ते कळवतो.

अंतर टेपने मोजले, ते ६३ मीटर निघाले. ओळखीच्या वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजला, तो ११ व्होल्ट आला. इमारतीचा जुना अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत आहे आणि त्यातली पट्टी गंजून अर्धी झाली आहे. ही गोष्ट गाडीशिवायही धोक्याची आहे, हे त्या खड्ड्यापाशी उभे राहून अध्यक्षांना दाखवले, तेव्हा त्यांचा सूर प्रथमच बदलला. घरच्या विद्यमान जोडणीवरून गाडी चार्ज करता येते, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. ते पान अर्जाला जोडले. तार, सॉकेट आणि नव्या अर्थिंगचा खर्च मी करीन, काम परवानाधारक ठेकेदाराकडून होईल, त्याचे प्रमाणपत्र सोसायटीला मिळेल आणि वीज माझ्याच मीटरवर पडेल, असे अर्जात लिहिले आहे. पुढच्या रविवारी समितीची बैठक आहे.

आईवडिलांना घेऊन दोन गाड्या पुन्हा चालवून पाहिल्या. एकीत वडिलांचे गुडघे खरोखरच वर राहत होते. त्यांनी तक्रार केली नाही, पण पांडवलेणीपर्यंतच्या वाटेत तीनदा पाय पुढे-मागे केले, ते मी आरशात पाहिले. दुसरीत ते निवांत बसले. बॅटरी ३५ ते ३८ युनिटांच्या गटातलीच घ्यायची हे आता पक्के आहे आणि मोठ्या बॅटरीचा विचार सोडला आहे. लेखी परवानगी येईपर्यंत नोंदणी करणार नाही.

तारजोड दादा, एक शंका आहे. शेजारच्या जागेवाल्यांनाही वर्षभरात इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे. दोघांत मिळून एकच अर्थिंगचा खड्डा आणि एकच तार चालेल का, म्हणजे खर्च निम्मा होईल?

---

तारजोड (नाशिक रोड)

खड्डा एकच चालेल, तार एक चालणार नाही. दोन्ही गाड्या एकाच वेळी लागल्या तर त्या तारेवर पंचवीस-सव्वीस अँपिअर येतील, आणि तुमच्या मीटरवरून त्यांची वीज गेली की पुढे हिशेबाचे वाद होतात. तारांसाठी पत्र्याचा ट्रे मात्र आताच रुंद टाकून घ्या. त्यात पाच-सहा तारा मावतील असा घेतला तर पुढच्या सभासदाला पुन्हा भिंत फोडावी लागणार नाही, आणि ही गोष्ट रविवारच्या बैठकीत सांगितली तर परवानगीलाही मदत होईल. काम झाल्यावर पहिल्या रात्री दोन तासांनी खाली उतरून सॉकेटच्या पेटीला हाताची मागची बाजू लावून पाहा. कोमट लागली तर हरकत नाही. हात ठेववत नसेल इतकी गरम लागली तर तिथेच चार्जिंग बंद करा आणि मला फोन करा, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.